मंगल, तुझा फ्यूज बरोबर होता

मंगल, रेखा रविवारी येणार आहे. तू गेलीस तेव्हा तिला येता आलं नाही, कारण तिच्या क्लासची मुलं रोबो घेऊन परगावी स्पर्धेला गेली होती आणि ती त्यांच्याबरोबर होती. आधी तुझ्या घरी जाईल, मग माझ्याकडे येईल. फोनवर आवाज तोच आहे, फक्त आता वाक्यं पूर्ण करते. पूर्वी अर्ध्यात सोडून द्यायची आणि उरलेलं आपण दोघी आपापल्या सोयीनं समजून घ्यायचो.

तिला खरं सांगायचं की नाही, एवढंच मला ठरवायचं आहे. तू आहेस तोवर तोंड उघडणार नाही असा शब्द मी तुला दिला होता आणि तो पाळला. आता तू नाहीस, तेव्हा शब्दाची मुदत संपली असं मी धरते. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, "शालन, तू आधी ठरवतीस आन् मग इचार करतीस." आहेच मी तशी. पण या बाबतीत विचार करायला मला भरपूर वर्षं मिळाली आहेत आणि माझं मत जिथल्या तिथं आहे.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. सगळ्यांनी मिळून तुला मनमिळाऊ करून टाकलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. तू मनमिळाऊ कधी होतीस ते मला आठवेना. स्टाफरूममध्ये तुझ्या खुर्चीवर कुणी बसलं तर तू काही न बोलता त्या माणसाच्या मागे उभी राहायचीस, तो उठेपर्यंत. ज्यांनी तुझ्याकडून लॅब काढून घेतली त्यांच्यातलाही एक जण बोलला. चांगला बोलला. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझं आणि तिचं भांडण अजून चालू आहे, ते मिटल्यावर बोलेन. लोकांना वाटलं दुःखानं बोलवत नाही. वाटू दे म्हटलं.

भांडणं तशी दोन. पहिलं धंद्यातलं, त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. निदान सुरुवातीला.

आपलं तंत्रनिकेतन साखर कारखान्याचं. कारखाना सहकारी, आणि त्याच मंडळींनी संस्था काढून उभं केलेलं कॉलेज. ऊस पिकला की संचालकांना शिक्षणाचं प्रेम यायचं, ऊस वाळला की तेही वाळायचं. चांगल्या वर्षी त्यांनी आपल्याला वर्कशॉपची मागची खोली दिली आणि रोबोच्या स्पर्धेला मुलींचा संघ पाठवा म्हणून सांगितलं. मी मेकॅनिकलची, तू इलेक्ट्रिकलची. सांगाडा, चाकं, हात माझ्याकडे. बॅटरी, मोटारी, तारा तुझ्याकडे. मुलींनी रोबोला पांढरा रंग दिला आणि नाव ठेवलं ढवळी. पुढे मैदानात चारा छावणी लागली तेव्हा खऱ्या ढवळ्या खिडकीतून आत बघायच्या आणि मुली दोन्हींना एकाच नावानं हाका मारायच्या.

माझं म्हणणं साधं होतं. सामना दोन-अडीच मिनिटांचा. त्यात मोटार अडकली, जास्त करंट ओढला आणि फ्यूज उडाला की संपलं, रोबो मैदानात मातीच्या बैलासारखा उभा. त्यापेक्षा आपोआप परत जोडला जाणारा ब्रेकर लावावा. तापला की तोडतो, थंड झाला की जोडतो, गाडी पुन्हा चालू. तुझं म्हणणं, परत जोडला जातो म्हणूनच कुणी बघत नाही. "फ्यूज जळाला की माणसाला झाकण उघडावंच लागतं, शालन. ब्रेकर काय, तुझ्यासारखाच. तापला, थंड झाला, जणू काय झालंच न्हाई." हे तू मुलींसमोर म्हणालीस आणि मुली हसल्या. मी पण हसले. घरी जाऊन राग आला.

शेवटी वाटणी झाली. बॅटरीच्या तोंडाशी लाल बटणाचा मोठा मेन ब्रेकर, यावर दोघींचं एकमत. चाकांच्या मोटारींना माझे ब्रेकर. रोबोच्या मेंदूच्या, म्हणजे सर्किटच्या, पाटीला आणि हाताच्या मोटारीला तुझे फ्यूज. फ्यूज म्हणजे तेच ट्रॅक्टरला आणि मोटारसायकलला लागतात ते रंगीत पात्यांचे, बीडच्या बसस्टँडमागच्या दुकानातून तू मूठभर आणायचीस. मुली पाढ्यासारखं म्हणायच्या: लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. हाताच्या मोटारीला पिवळा. एका मुलीनं विचारलं, मोटार मोठी आहे तर हिरवा का नको? तू तिच्या हातात वायर दिलीस आणि म्हणालीस, "मोटारीकडं बघू नको, हिच्याकडं बघ. फ्यूज मोटारीसाठी नसतो, वायरसाठी असतो. ही वायर जेवढं सोसती त्याच्या आत फ्यूज उडाला पायजे." तेवढं मात्र तू फार चांगलं शिकवायचीस. मी दारात उभी राहून ऐकायचे आणि आत यायचे नाही, तुला चढू नये म्हणून.

हॉस्टेलमधलं ते आठवतं का? संध्याकाळी सगळ्या शेगड्या एकदम लागल्या की ब्रेकर पडायचा, म्हणून वॉर्डनबाईंनी त्याचा खटका सुतळीनं वर बांधून ठेवला होता. तरी दिवे जायचे. बाई म्हणाल्या, ह्यात भूत आहे. तू त्यांना स्टुलावर उभं केलंस आणि समजावलंस की खटका वरून बांधला तरी आतलं आत सुटतंच, कंपनीनं तसंच बनवलंय, सुतळीवाली माणसं त्यांनाही ठाऊक आहेत. बाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, मग सुतळी राहू द्या, दिसायला बरं दिसतं.

आता रेखाकडे येते. ती त्याच हॉस्टेलची. लिंबागणेशच्या पुढच्या एका वाडीतली. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, त्या वर्षी आपल्या भागात ऊसच नव्हता म्हणून लांब कर्नाटकात गेले होते. पोर हुशार, आणि हातात फार लवकर कला आलेली. ती कुठून आली हे कळायला आपल्याला वेळ लागला. तिच्या वाडीतल्या डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज सारखे उडायचे. दुष्काळात लाइट आली रे आली की सगळ्यांचे बोअर एकदम चालू होणार, डीपी काय करील? मग तिचा आजा वर चढायचा आणि तार टाकायचा. फ्यूजच्या जागी जाड तार, पीळ देऊन. लाइट यायची, पाणी यायचं, गाव आज्याला चहा पाजायचं. खालून तारेचे तुकडे सोलून देणारी रेखा. आपल्या भागात हे पुण्याचं काम समजतात. दरसाल कुठे ना कुठे माणूस चिकटतो, आणि तरी पुण्याचंच समजतात.

तो दुष्काळ तुला आठवतच असेल. कारखान्याचं धुराडं थंड. विहिरीत उतरलं तर पायाला धूळ लागायची. टँकर आला की तू माझी घागर तुझ्या घागरीच्या पुढे लावायचीस आणि विचारलं तर म्हणायचीस, तुझी घागर गळती हाय, आधी भरून घरी ने. माझी घागर गळत नव्हती. मला तेव्हा रोज ताप यायचा हे तुला दिसत होतं, आणि ते तुला बोलायचं नव्हतं. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही, आता म्हणते. मला ते कळत होतं, मंगल.

संचालकांनी त्याच सुमारास निरोप पाठवला की वर्कशॉपची मागची खोली छावणीच्या पेंडीला लागणार. तू जाऊन सांगून आलीस की पुण्याची स्पर्धा होऊ द्या, मुली वरच्या फेरीत गेल्या तर खोली ठेवा, नाही गेल्या तर पोती आणा. त्यांनी मान डोलावली. एस्टीच्या टपावर ढवळीला वाकळीत गुंडाळून आपण निघालो.

पुण्यात पहिले सामने बरे गेले. मग हाताचा फ्यूज उडाला. तू नवा पिवळा घातलास आणि मला म्हणालीस, हात कुठंतरी अडकतोय, बघ. मी पाहिला. हात अडकत नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते, हातानं फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरत होता. तू म्हणालीस, वजन उचलताना बघ, रिकामा काय बघतीस? त्यावर आपलं थोडं झालं. मग तू बॅटरीच्या तपासणीला टेबलाकडे गेलीस आणि मी पाणी आणायला गेले. पिवळ्या फ्यूजची डबी तुझ्या पर्समध्ये राहिली.

तेवढ्यात फ्यूज पुन्हा उडाला आणि आपल्या संघाचं नाव पुकारलं गेलं. रेखानं केलं ते तिच्या वाडीतल्या कुणीही केलं असतं. वायरीतली एक तार सोलली, जळलेल्या फ्यूजच्या दोन पायांना पीळ दिला, बसवून टाकला. हात हलला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या एकीलाही काही चुकतंय असं वाटलं नाही, उलट अडचणीत रेखा कामाला आली असंच वाटलं.

सामना चालू झाला आणि ढवळी काय सुंदर खेळली. समोरच्याची गाडी ढकलून एकेक खोकं उचलत होती. आपण पुढे होतो. मी दोरीला धरून उभी होते आणि तू माझ्या शेजारी. एकाएकी तू नाक वर केलंस. मलाही जळका वास आला, पण मैदानात बारा गावच्या मोटारी तापलेल्या, वास कुणाचाही असेल. तू पंचाकडे गेलीस, हात वर केलास आणि म्हणालीस, आमची गाडी बंद करा. तो म्हणाला, बंद केली तर सामना गेला. तू म्हणालीस, "जाऊ द्या." पंचानं लाल बटण दाबलं.

पाठ उघडली तर हाताच्या वायरचं प्लास्टिक मऊ होऊन शेजारच्या वायरला चिकटलं होतं. अजून थोडं चाललं असतं तर पेटली असती, असं तुझं मत. अजून थोडं चाललं असतं तर जिंकलो असतो, असं माझं. दोन्ही खरं असू शकतं. आणि हाताला ब्रेकर असता तर पोरीला तार टाकायची वेळच आली नसती, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं, त्याला तू कधीच सरळ उत्तर दिलं नाहीस. "हात अडकत नसता तर फ्यूज उडला नसता," एवढंच म्हणायचीस. म्हणजे दोष माझ्या खात्यात.

आयोजकांनी तार पाहिली, संघ बाद केला आणि कॉलेजला फोन केला. संस्थेचं नाव खराब झालं. चार-सहा दिवसांनी बैठक बसली. बाहेर छावणीतली जनावरं हंबरत होती, आत संचालक विचारत होते की हे कुणी केलं. फुकट हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या पोरींपैकी कुणी असेल तर आजच्या आज काढा, बाकीच्यांना धाक बसेल, असं एक जण म्हणाला. बाकीच्यांनी मान हलवली. सगळ्यांना पाणी कमी होतं, चारा कमी होता, राग तेवढा मुबलक होता.

रेखाला काढणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम जोड्या शोधत फिरतच असतो. हॉस्टेल सुटलं की घरात वयात आलेली पोर, आईबाप कर्नाटकात, महिन्याभरात तिचं लग्न लावून तिचा कोयता केला असता. पुढच्या हंगामात ती कुठल्यातरी फडात पाचट तुडवत असती.

तू उभी राहिलीस. "फ्यूज मी दिलता. कमी अँपिअरचा दिलता, तो टिकणारच नव्हता. पोरींनी तार टाकली नसती तर मी टाकली असती. चूक माझी हाय."

हे खोटं होतं. कारण फ्यूज बरोबर होता. त्या वायरला वीसच हवा होता, तू स्वतः हिशोब करून बसवला होतास, मुलींना घोकून घेतला होतास. चेअरमन माझ्याकडे वळले आणि म्हणाले, शालन मॅडम, बरोबर आहे का हे? मी म्हणाले, मी मेकॅनिकलची, मला त्यातलं कळत नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंतर केजच्या स्टँडवर तू म्हणालीस, बरं झालं फोन आला, तुझं तोंड बघून शेंबड्या पोरानंसुद्धा वळखलं असतं.

तुझ्याकडून लॅब गेली. संस्थेच्या दुसऱ्या गावच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवायला पाठवलं, रोज एस्टीनं. खोलीत पेंडीची पोती लागली. आणि प्रार्थनेच्या वेळी प्राचार्यांनी सगळ्या मुलींसमोर वाचून दाखवलं की फ्यूज निवडण्यात मंगल मॅडमची चूक झाली होती. रेखा पहिल्या ओळीत उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. सुटल्यासारखा झाला होता.

दुसरं भांडण इथून सुरू झालं. तू पोरीला वाचवलंस त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. बैठकीत खोटं बोललीस तेही मी गिळलं, सोपं गेलं नाही, पण गिळलं. पण पोरीला तर खरं सांग. तिला वाटतंय फ्यूज चुकीचा होता आणि तार टाकली तेच बरोबर. ती इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेणार, उद्या लोकांच्या घरात, शेतात, डीपीवर हात घालणार. तुला तिला कोयत्यापासून वाचवायचंय की तारेपासून? तू त्या दिवशी केजच्या स्टँडवर म्हणालीस, "ते माझं काम हाय. मी बघीन. मी हाय तवर तू तिला एक अक्षर बोलायचं न्हाई. शब्द दे." मी दिला. माझा शब्द तुला पुरतो, हे तुला ठाऊक होतं.

मग वर्षानुवर्षं तेच. सुट्टीला मी तुझ्याकडे यायचे, तू चहा टाकायचीस, मी विचारायचे, सांगितलंस का? तू म्हणायचीस, बघू. पुन्हा दिवाळीला विचारायचे. "बघू की गं, काय घाई हाय?" पाऊस आला, कारखाना परत चालू झाला, तुला लॅबही परत मिळाली. रेखा डिप्लोमा होऊन बाहेर पडली, बीडला त्या सगळ्या कोचिंग क्लासांच्या गर्दीत तिनं रोबोचा क्लास काढला, आणि तुझं आपलं बघू. हुशार पोर, तिनं स्वतः हिशोब केला असता तर तिला कळलं असतं, असंही तू एकदा म्हणालीस. मी म्हटलं, शिक्षकानं कबूल केलेली चूक विद्यार्थी परत मोजून बघत नाही. त्यावर तू हातातली गाळणी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, आज वाक्य बरं जमलंय तुझं. मला वाटलं, या वेळी लागलं. पण पुढच्या खेपेला परत बघू.

एकदा तर मी उठून निघून आले होते. तू मागोमाग आली नाहीस. आठवड्यानं मीच आले, तू दार उघडून म्हणालीस, "झाली का थंड?" मी पायरीवरच हसले. भांडायला तुझ्याइतकं चांगलं माणूस मला मिळालं नाही. घरी माझं ऐकणारे पुष्कळ होते, पण माझं म्हणणं खोडून काढायचे कष्ट तूच घ्यायचीस.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात शेवटी आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. बोलून बोलून दम लागत होता. मी संत्र्याच्या फोडी सोलत होते. तू म्हणालीस, "इचार की."

"काय?"

"न्हेमीचं."

मी म्हटलं, आज नको. आज भांडायला तू पुरी पडायची नाहीस. तू हसलीस, हसण्यातून खोकला आला, नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं. ते शेवटचं.

इथपर्यंत गुरुवारी लिहिलं होतं. आज रविवार. रेखा येऊन गेली.

साडी नेसून आली होती, केसाला तेल, हातात पेढ्यांचा पुडा. मुलांचा संघ जिंकला म्हणे. पेढे आणावे की नाही या विचारात बराच वेळ स्टँडवर उभी होते म्हणाली, मग वाटलं, मॅडमना आवडलं असतं. मी तिला बसवलं, चहा दिला आणि इकडचं तिकडचं न करता सुरुवात केली. तुला ठाऊक आहे, मला गोल गोल बोलता येत नाही. म्हटलं, रेखा, मंगलनं बैठकीत सांगितलं ते खोटं होतं. फ्यूज बरोबर होता. वायर वीसचीच होती. चूक तुझ्या तारेची होती, आणि हे तुला माहीत असायला हवं.

बोलून झाल्यावर मी तिच्या भरल्या कपात पुन्हा चहा ओतायला गेले. इतकी वर्षं तोंडावर ठेवलेला हात काढला की असं होत असावं.

रेखानं कप खाली ठेवला. "मॅडम, मला माहीत हाय की."

"तू मोजलंस नंतर?"

"न्हाई. त्यांनीच सांगितलं. पुण्याहून आलो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीच."

मी म्हटलं, शक्य नाही. बैठक तर नंतर झाली.

"बैठकीच्या आधीच," रेखा म्हणाली. "मला वर्कशॉपात नेलं. तीच बॅटरी, तसलीच वायर, पिवळा फ्यूज. म्हणल्या, जोड. फ्यूज उडला, वायरला हात लावायला लावला. गार व्हती. मग म्हणल्या, आता तुझी तार टाक. टाकली. वायर कशी मऊ झाली ते माझ्या डोळ्यानं बघितलं. त्यांनी इचारलं, आता सांग, फ्यूज बरोबर व्हता का चूक? मी म्हणलं, बरोबर व्हता. लई रडले मी. त्या म्हणल्या, रड, पर ध्यानात ठेव. बैठकीत मी दुसरं सांगणार हाय, ते माझं मी बघीन. तू आजपासनं कुणाच्या डीपीवर चढायचं न्हाई, आन् आज्यालाबी चढू द्यायचं न्हाई. त्या सुट्टीत गावाकडं गेलते, तर आज्याच्या हातातनं तार काढून घेतली. महिनाभर बोलला न्हाई माझ्याशी."

मग विचारलं, "आणि मला कावून सांगितलं नाही?" कावून म्हटलं मी, आपल्या बोलीत, इतक्या दिवसांनी.

रेखा म्हणाली, "त्या म्हणल्या, शालन मॅडमला कळू द्यायचं न्हाई. त्यांना खोटं पचत न्हाई. पोरीला सगळं ठावं हाय असं त्यांना कळलं, तर माझ्याशी भांडायला काय उरणार न्हाई, मग चेअरमननं नुसतं वळून बघितलं तरी सांगून टाकतील. न्हाई ठावं असं वाटलं तर निदान भांडत ऱ्हातील, पर माझ्याशी भांडतील, बाहेर न्हाई."

"आणि नंतर? लॅब परत मिळाल्यावर?"

"मी इचारलं व्हतं. हसल्या. म्हणल्या, पोरीला खरं सांगायला पायजे हे शालनचंच म्हणणं हाय. पुण्याहून येताना एस्टीत रस्ताभर तेच बोलत व्हती ती, पोरीला कळलंच पायजे तिनं काय केलं. मी तिचंच ऐकलं. पर तिला सांगू नको, लई चढंल तिला."

रेखा गेली. पेढ्यांचा पुडा समोर आहे. मी तुझ्यावर चिडले आहे, मंगल, आणि ते कुणाला सांगू? एस्टीत मी काय बोलत होते ते मला आठवतसुद्धा नाही. तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस, मला वाटलं तू झोपलीस. तू ऐकत होतीस. दुसऱ्याच दिवशी जाऊन तू ते केलंस. माझं ऐकलं होतंस तू, आणि मी दर दिवाळीला तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुला विचारत राहिले.

सांगायचं होतंस गं. चढलं असतं तर चढलं असतं. चढू द्यायचं होतंस मला थोडं.